गाडीच्या दारावर चरे पडलेत, घरीच दुरुस्त करता येतील का? (पहिलाच प्रयत्न)

पहाटवारा

मंडळी, गाडी घेऊन पाच वर्षं झाली, आजवर मी तिला धुण्यापलीकडे हात लावलेला नाही. परवा पार्किंगमधून काढताना वळणाचा अंदाज चुकला आणि डाव्या बाजूचं मागचं दार खांबाला घासत गेलं. आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. पत्रा दबलेला नाही, पोचा कुठेच नाही, पण रंगाचं बरंच नुकसान झालंय. गाडी गडद राखाडी, मेटॅलिक.

उन्हात नेऊन नीट बघितल्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी दिसतायत. दारावर हातभर लांबीचा पांढरा पट्टा आहे, तो खांबाचाच रंग असावा. त्या पट्ट्याच्या शेवटी दोन चरे आहेत ज्यांत नख अडकतं आणि त्यातल्या एकाच्या तळाशी फिकट करडं काहीतरी दिसतंय. हँडलच्या मागे जो वाटीसारखा खळगा असतो तिथे नखांचे, अंगठीचे बारीक ओरखडे आहेत, ते जुनेच. आणि हे सगळं बघता बघता बॉनेटच्या पुढच्या कडेला खडा लागून रंग उडालेला एक टिपका सापडला, टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठा, मध्यभागी तपकिरी डाग.

मला हे स्वतः शिकून करायचंय. घाई नाहीये, सुट्टीचे दिवस हातात आहेत. पण जे आहे ते आणखी बिघडवायचं नाही. कुठून सुरुवात करू आणि कशाला अजिबात हात लावू नको, दोन्ही सांगा प्लीज.

तिसरा_गिअर

बारीक ओरखड्यांना टूथपेस्ट लावून बघा. मी लावली होती, ओल्या कापडाने गोल गोल घासायचं, बऱ्यापैकी गेले होते. खोल चऱ्यांचं माहीत नाही.

जुना_पेंटर

मी बावीस वर्षं गाड्या रंगवल्यात, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

टूथपेस्टचं आधी सांगतो. तिच्यात घासणारी पूड असते म्हणून थोडा फरक दिसतो हे खरं आहे. पण ती पूड दातांच्या हिशोबाने केलेली असते, रंगाच्या नाही, आणि गडद रंगावर ती स्वतःचं धुरकट जाळं सोडून जाते. गाडीच्या रंगासाठी केलेलं बारीक पॉलिश मिळतं, तेच घ्या.

आता रंगाचे थर समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो, कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने बसवलेला, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर, तो ३०-४०. मग खरा रंग म्हणजे बेस कोट, तो जेमतेम १५-२०. आणि वर क्लिअर कोट, बिनरंगाचं लॅकर, ३५ ते ५० च्या आसपास. सगळं मिळून १०० ते १३० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर आपण घासाघास करणार तो केसापेक्षाही पातळ आहे.

आणि ओरखडा पॉलिशने "भरून" येत नाही. त्याच्या आजूबाजूचं लॅकर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं असतं, तेव्हा तो दिसेनासा होतो. जेवढं घासलं तेवढं लॅकर गेलं, ते परत येत नाही. ऊन झेलणारी रसायनं याच थरात असतात, आणि तो फार पातळ झाला की आज चकाचक दिसतं पण काही वर्षांनी तिथेच पांढरट होऊन पापुद्रे सुटायला लागतात. मी असे कितीतरी बॉनेट बघितलेत. म्हणून म्हणतो, खोली ओळखल्याशिवाय हातात सँडपेपर घेऊ नका.

खोली ओळखायची पद्धत सोपी आहे. आधी ती जागा शाम्पूने स्वच्छ धुवा, धूळ राहिली तर त्या धुळीनेच नवे ओरखडे पडतात. मग त्यावर पाण्याचा हात फिरवा. पाणी असेपर्यंत ओरखडा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला तर तो फक्त लॅकरमध्ये आहे, पॉलिशने जाण्यातला. पाण्याखालीही पांढरा किंवा करडा दिसत राहिला तर खाली गेलाय. नंतर नख आडवं फिरवा, अगदी हलक्या हाताने. नख अडलं तर पॉलिशच्या भरवशावर राहू नका. नखाला थोडीशी खाच पण कळते, त्यामुळे नख अडलं म्हणजे लॅकर आरपार गेलंच असं नाही, पण शिकणाऱ्याने तिथे घासत बसू नये एवढं नक्की.

तुमच्या चारपैकी पांढरा पट्टा आणि हँडलमागचे ओरखडे सगळ्यात सोपे. तिथून सुरुवात करा. चरे नंतर. टिपका दिसायला लहान आहे पण घाई करायचीच असेल तर त्याची करा, तो तपकिरी डाग गंजाचा आहे.

गोगलगाय२

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या दाराचीही अशीच अवस्था आहे.

सावलीतली_गाडी

काका, एक शंका. माझी गाडी जुनी आहे, लाल, मेटॅलिक नाही. मागे एकदा पॉलिश केली तर फडकं लाल झालं. म्हणजे मी लॅकर फोडून रंगापर्यंत गेलो का? तेव्हापासून हात लावायची भीती वाटते.

जुना_पेंटर

घाबरू नका. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर बऱ्याचदा वेगळं लॅकर नसायचंच, रंग आणि चमक एकाच थरात. तसल्या गाडीला पहिल्या हातापासूनच फडक्यावर रंग येतो, ते चालतं, फक्त थर कमी होतोय एवढं ध्यानात ठेवायचं. पण मेटॅलिक गाडीवर रंग आला तर तिथल्या तिथे थांबायचं, कारण मेटॅलिकवर लॅकर जवळपास नेहमीच असतं. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघा, लगेच कळेल.

निवांत_नीरा

पहाटवारा, पांढऱ्या पट्ट्याबद्दल माझा अनुभव सांगते. माझ्याकडे बंपरला असाच होता आणि मला वाटलं रंग गेला, प्रत्यक्षात समोरच्याचा रंग माझ्या रंगावर येऊन बसला होता. आपलं काही गेलेलं नसतं, वर काहीतरी चिकटलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ मायक्रोफायबरवर घेऊन आधी हलकेच पुसा, जोर देऊ नका, बरंच निघेल. जे राहील ते बारीक पॉलिशने. जागा सावलीत आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं आणि मग ते काढतानाच ओरखडे पडतात.

पहाटवारा

सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी सावलीत लावून दार दोनदा धुतलं. पाण्याची टेस्ट केली. हँडलमागचे ओरखडे पाण्याखाली पूर्ण गायब होतात. पट्ट्यामधले निम्मे होतात. दोन चऱ्यांपैकी वरचा खूप फिका होतो पण दिसतो, खालचा जसाच्या तसा.

मग निवांत_नीरा म्हणाली तसं अल्कोहोलने पुसलं. पाचव्या-सहाव्या हाताला फडकं पांढरं झालं आणि खालून माझा राखाडी रंग दिसायला लागला, तो क्षण काय सांगू. दहा मिनिटांत तीन चतुर्थांश पट्टा गेला. उरलेल्यावर पॉलिश लावलं, स्पंजच्या अॅप्लिकेटरने, एका वेळी वहीच्या पानाएवढीच जागा, आधी आडवं मग उभं. चार वेळा केलं. आता पट्टा शोधावा लागतो. हँडलमागचे पण त्याच पॉलिशने गेले, दोन लांबटसे राहिलेत.

आता वरच्या चऱ्यासाठी वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा सँडपेपर) मारू का? व्हिडिओत तर सगळे १५०० ने सुरुवात करतात.

निवांत_नीरा

मी मागे १५०० नेच केलं होतं, मग २०००, मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट. झालं व्यवस्थित. पण धुरकटपणा घालवायला हाताने दीड तास लागला, खांदा दुखून आला.

जुना_पेंटर

नीराताई, तुमचं झालं याचा आनंद आहे पण पहिल्या वेळेला मी कुणालाही १५०० देणार नाही. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. १५०० ने पडलेल्या रेघा काढायला परत बरंच लॅकर घासावं लागतं, म्हणजे एका ओरखड्यापायी वाटीएवढी जागा पातळ होते. मी नेहमी उलटं जायचो. आधी नुसतं पॉलिश, नाही गेलं तर कंपाउंड, नाही गेलं तर ३०००, तरच २५००. सगळ्यात सौम्य उपायाने जेवढं होतंय तेवढं करून बघायचं आणि मग एक पायरी चढायची.

पहाटवारा, तुम्ही वरच्या चऱ्यावर आधी कंपाउंडचे तीन हात मारा. उरला तर ३००० चा पेपर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब टाका म्हणजे पेपर घसरतो. बोटांनी धरू नका, बोटांचा दाब सारखा नसतो आणि तिथे पन्हळी पडतात, मऊ रबराच्या किंवा फोमच्या ठोकळ्यावर गुंडाळा. सरळ रेषेत, नुसत्या ठोकळ्याच्या वजनाने. आठ-दहा हात झाले की पुसायचं, वाळवायचं, बघायचं. पेपरखालून येणारं पाणी दुधासारखं पांढरट असेल तर तुम्ही लॅकरमध्ये आहात. त्यात राखाडी झाक दिसली की थांबायचं, आणखी एक हातही नाही.

चरा पूर्ण गेला पाहिजे असा हट्ट धरू नका. त्याच्या कडा गोल झाल्या की प्रकाश तिथे चमकत नाही आणि तो डोळ्याला दिसायचा थांबतो, तळाशी थोडा राहिला तरी. सुरक्षित काम तेच.

करडं_आकाश

हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मागच्या वर्षी भाड्याने पॉलिशिंग मशीन आणलं होतं, गरागरा एकाच अक्षावर फिरणारं, रोटरी. बॉनेटवर मधोमध जी उठावाची रेघ असते तिच्यावरून एकदा नेलं, दोनदा नेलं, तिसऱ्यांदा बघतो तर रेघेवर बोटभर लांबीचा फिका पट्टा. लॅकर गेलं, रंग गेला, खाली प्रायमर. सगळं मिळून काही सेकंदांत झालं. पूर्ण बॉनेट रंगवून घ्यावं लागलं. जी गाडी वडिलांनी इतकी वर्षं जपली होती तिच्यावर ते झालं याचं अजून वाईट वाटतं.

नंतर कळलं की कडा आणि उठावाच्या रेघा यांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. आता मी कुठलंही काम करण्याआधी प्रत्येक कडेवर, रेघेवर, दाराच्या फटीवर मास्किंग टेप लावतो. पहाटवारा, तुमच्या दारावर पण आडवी रेघ असेल तर आधी टेप लावा.

जुना_पेंटर

करडं_आकाश, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. बॉडीशॉपमध्ये नवशिक्या मुलांकडून सगळ्यात जास्त वेळा हेच व्हायचं. मशीन घ्यायचंच असेल तर डीए घ्या, ज्याची चकती फिरताना डुलते पण. ते एका जागी उष्णता साठू देत नाही, आणि जास्त दाबलं तर फिरायचंच थांबतं. पण हातभर जागेला मशीन लागतच नाही.

तिसरा_गिअर

खोल चऱ्याला मी दोन भागांचं लॅकर असलेला स्प्रे कॅन मागवलाय, तळाचं बटण दाबलं की आत हार्डनर मिसळतं तो. एकदम कंपनीसारखं कडक बसतं म्हणे. पहाटवारा, तुम्ही पण तोच घ्या, टचअपच्या बाटलीपेक्षा टिकाऊ.

जुना_पेंटर

थांबा. कॅन वाईट नाही, टिकतोही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि त्याची वाफ आणि फवारा छातीत गेला की काही लोकांना त्याची कायमची ॲलर्जी होते, दम्यासारखी. एकदा झाली की नंतर अगदी थोड्याशा वासानेही धाप लागते. माझ्यासोबत काम करणाऱ्या एकाला याच कारणाने धंदा सोडावा लागला. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क यात काहीच अडवत नाही. आम्ही बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून मारायचो. घराच्या बंद पार्किंगमध्ये, आसपास मुलं-म्हातारी असताना ते करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

चार इंच चऱ्याला टचअपची बाटली आणि बारीक ब्रश पुरेसा आहे. एकाच भागाचं लॅकर नुसतं सुकून बसतं, तितकं कडक होत नाही हे बरोबर, पण एवढ्या जागेला पुरतं.

तिसरा_गिअर

हे मला खरंच माहीत नव्हतं. कॅन परत करतो. धन्यवाद काका.

सावलीतली_गाडी

टचअपचा रंग नेमका कसा निवडायचा? राखाडीतच पंधरा शेड दिसतात.

निवांत_नीरा

नावावरून नाही, कोडवरून घ्यायचा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर किंवा पट्टी असते तिच्यावर, नाहीतर बॉनेटच्या आत. काही गाड्यांत डिकीत पण असतो. कोड बरोबर असला तरी उन्हाने आपला रंग थोडा बदललेला असतो आणि कारखान्यातही लॉटप्रमाणे शेड थोडी इकडे-तिकडे असते, म्हणून आधी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावून, पूर्ण वाळवून, वर लॅकर देऊन मग गाडीशेजारी धरून बघायचा, दिवसाउजेडी. ओला रंग वेगळाच दिसतो, त्यावरून ठरवू नका.

पहाटवारा

अपडेट. कंपाउंडने वरचा चरा निम्मा झाला. मग ३००० चा पेपर, चाळीसेक हात, दर दहा हातांना पुसून. पाणी पांढरटच राहिलं. त्यानंतर कंपाउंड आणि पॉलिश. आता तिरक्या उजेडात एक पुसट रेघ दिसते, समोरून अजिबात नाही. तिथेच थांबले. अजून थोडं करावं असं फार वाटत होतं पण मायक्रॉनचे आकडे आठवले.

आता खालचा चरा आणि बॉनेटचा टिपका. रंग कोडवरून मागवलाय, लॅकरची छोटी बाटली पण. कसं करू ते सविस्तर सांगाल का?

जुना_पेंटर

थांबलात हे उत्तम.

आधी टिपका. गंज वरून जेवढा दिसतो त्याहून आत पसरलेला असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आजूबाजूचा रंग आतून उचलत जातो, आणि नुसता वरून रंग लावला तर काही महिन्यांत तिथे फुगा येतो. त्यामुळे तपकिरी डाग पूर्ण जाऊन स्वच्छ धातू चमकेपर्यंत खरवडायचं. पेन्सिलच्या टोकाला पेपरचा बारीक गोल चिकटवून फिरवा, आजूबाजूला टेपची चौकट लावा म्हणजे बाकीचा रंग वाचेल. खड्ड्यात काळे ठिपके राहिलेच तर गंज बदलणारं रसायन मिळतं, फॉस्फोरिक अॅसिडवालं किंवा टॅनिनवालं, ते डबीवर लिहिल्याप्रमाणे लावा. मग अल्कोहोलने पुसा, प्रायमरचा एक थेंब, वाळू द्या, मग रंग, मग लॅकर. उघडा धातू रात्रभर तसाच ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर. बॉनेट अॅल्युमिनियमचं असेल तर तपकिरी गंज येतच नाही, तुमच्याकडे आलाय म्हणजे पत्रा लोखंडीच आहे.

चऱ्याचं वेगळं. तळाशी करडं दिसतंय तो प्रायमर आहे, धातू नाही, म्हणजे प्रायमर लावायची गरज नाही. आता लक्ष देऊन वाचा. तुम्ही नुकतंच पॉलिश केलंय, पॉलिशमध्ये तेलं असतात, आणि काहींत सिलिकॉन. त्याचा अंश चऱ्यात राहिला तर रंग तिथे बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. अल्कोहोलने तीनदा पुसा, प्रत्येक वेळी नवीन फडकं, आणि चऱ्याच्या आत टूथपिकला फडक्याचा धागा गुंडाळून फिरवा. त्यानंतर बोट लावू नका.

बाटली दोन मिनिटं भरपूर हलवा, मेटॅलिकची चमकी तळाला बसलेली असते. झाकणातला ब्रश वापरू नका, तो फार जाड असतो. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा टूथपिक घ्या. रंग चऱ्याच्या आत गेला पाहिजे, बाजूला नाही. पातळ थर, वीस-तीस मिनिटं वाळू द्यायचं, परत पातळ थर. एकदम भरलं तर वरून कातडं धरतं आणि आत ओलंच राहतं. वाळताना रंग आक्रसतो, त्यामुळे तीन-चार थर लागतील. रंग मॅट दिसेल, घाबरू नका, चमक लॅकरने येते. लॅकर चऱ्याच्या काठापेक्षा केसभर वर येईल इतकं घाला. हवा दमट असेल त्या दिवशी करू नका, लॅकर पांढरट होतं. १५ ते २५ अंश आणि कोरडी हवा उत्तम.

मग निदान एक आठवडा हात लावायचा नाही. लोकांचं काम इथेच बिघडतं, दुसऱ्या दिवशी घासायला घेतात आणि मऊ रंग पेपरसोबत उपटून येतो.

गोगलगाय२

माझं दार नाही, बंपर आहे, मागचा, कोपऱ्यावर खरचटलंय, काळं प्लास्टिक दिसतंय. हीच पद्धत का?

जुना_पेंटर

जवळपास. प्लास्टिकला गंज नाही त्यामुळे घाई नाही. पण उघड्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, आधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर लागतो, अॅडहीजन प्रमोटर म्हणून मिळतो. एक महत्त्वाचं, तुमच्या गाडीला मागून गाडी येतेय असा इशारा देणारी सोय असेल तर त्याचा रडार बऱ्याचदा बंपरच्या कोपऱ्यामागेच असतो. त्याच्यासमोर लांबी (पुट्टी) भरणं किंवा रंगाचे जाड थर चढवणं टाळा, सिग्नल बिघडतो. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते, आधी बघून घ्या.

करडं_आकाश

मॅट रंगाच्या गाडीला हे काहीच करू नका हेही कुणीतरी लिहून ठेवा. भावाच्या गाडीवर मी पॉलिश मारणार होतो, वेळेवर कळलं. मॅटवर घासलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही.

निवांत_नीरा

+१. आणि गाडीवर पारदर्शक फिल्म लावलेली असेल तर आधी कोमट पाणी ओतून बघायचं, चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप मिटतात. फिल्मवर पेपर मारू नका.

पहाटवारा

तीन आठवड्यांनी येतेय, सगळं लिहिते.

बॉनेटचा टिपका आधी केला. गंज खरवडल्यावर खड्डा मूळच्या दुप्पट झाला तेव्हा खूप धास्तावले, पण काकांनी आधीच सांगितलं होतं म्हणून पुढे गेले. खाली चकचकीत पत्रा दिसला, त्याच दुपारी प्रायमर, संध्याकाळी रंगाचे दोन थर, दुसऱ्या दिवशी लॅकर. आता उठून दिसत नाही.

चऱ्याचा पहिला प्रयत्न फसला. ब्रशवर रंग जास्त घेतला आणि चऱ्याच्या बाहेर जाड ओघळ बसला. ओला होता तोवर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फडकं ताणून, त्याला अल्कोहोल लावून एका हातात पुसून घेतला. सगळा निघाला, कारखान्याच्या रंगाला काही झालं नाही. एक दिवस जाऊ दिला आणि दुसऱ्यांदा टूथपिकने केलं, टोकावर थेंब घ्यायचा आणि चऱ्यात सोडायचा, तो स्वतःच आत पसरतो. हे ब्रशपेक्षा कितीतरी सोपं गेलं. रंगाचे चार थर, लॅकरचे तीन. मग नऊ दिवस हात लावला नाही. रोज जाता-येता बघत होते फक्त.

काल सपाट केलं. खोडरबराच्या तुकड्यावर २५०० चा पेपर, फक्त उंचवट्यावर, मग ३०००, मग कंपाउंड, पॉलिश. उंचवटा गेला, नख आता अडत नाही, सरळ घसरत जातं. रंग जवळून बघितला तर वेगळा कळतो, चमकी मूळच्या रंगात एका दिशेने बसलेली आहे आणि माझ्या रेघेत कशीही. दोन पावलं मागे गेलं की नाही कळत.

काका, ही चमकीची रेघ आणखी काही करून जुळवता येईल का? आणि मेण कधी लावू?

जुना_पेंटर

नाही जुळणार. स्प्रेने मारताना चमकी हवेत पसरून आडवी बसते, ब्रशने किंवा टूथपिकने ती तशी बसत नाही. कुणीही ब्रशने केलं तरी हेच दिसेल, यात तुमची चूक नाही. पूर्ण नाहीसं करायचं असेल तर अख्खं दार रंगवून शेजारच्या दारात शेड मिसळावी लागते, ते बूथचं काम. पण चार इंचासाठी कारखान्यात भाजून बसवलेला अख्ख्या दाराचा रंग घासून काढावा असं मला वाटत नाही. तुम्ही पत्रा झाकलाय, पाणी आत जाणार नाही, खरं काम ते होतं. ठेवा तसंच.

मेण महिनाभर नको, आतला थिनर पूर्ण उडू द्या. तोवर धुताना त्या रेघेवर प्रेशरचं पाणी जवळून मारू नका. आणि दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. कोरड्या फडक्याने धूळ झटकायची सवय असेल तर ती आजपासून बंद, हँडलमागचे सोडले तर बहुतेक बारीक ओरखडे त्याच सवयीने पडतात.

पहाटवारा

कोरडं फडकं रोज सकाळी मारत होते, पाच वर्षं. ते आजच गाडीतून काढलं. दुसरी बादली आहे घरात.

दारावरची रेघ तशीच ठेवतेय. येत्या सुट्टीला सावलीतली_गाडीने सांगावं, त्यांच्या लाल गाडीचं काय झालं, पांढऱ्या फडक्याची टेस्ट केली का?

सावलीतली_गाडी

केली. कोपऱ्यात, डिकीच्या खाली. पहिल्याच हाताला फडकं लाल झालं, म्हणजे लॅकर नाहीच, काका म्हणाले तसं. इतकी वर्षं उगाच घाबरून होतो. रविवारी एका दारावर बारीक पॉलिशचा एकच हात मारून बघतो, फोटो टाकतो.